मदत हवी आहे: एलपीच्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात सॅक्सोफोन फाटतोय

स्टीली डॅन या अमेरिकन बँडचा २००३ नंतर नवा स्टुडिओ अल्बम नाही, त्यामुळे नव्या दौऱ्याच्या तारखांकडे डोळे लावून बसलेल्यांना आधार जुन्या एलपींचाच. १९७७ च्या ‘एजा’ची पहिली बाजू ‘डीकन ब्लूज’ने संपते. त्यातला पीट क्रिस्टलीबचा अप्रतिम सॅक्सोफोन सोलो सुरू झाला की आवाज फाटतो, त्याच बाजूचं पहिलं गाणं ‘ब्लॅक काउ’ मात्र स्वच्छ वाजतं.

मूळ कारण ठाऊक आहे: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी रेकॉर्ड सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. लहरी तिथे दाटीने कोरलेल्या असतात.

सुई एलिप्टिकल (लंबगोल टोकाची), दाब काट्यावर मोजून २ ग्रॅम, अँटिस्केट (सुईची आत जाणारी ओढ रोखणारा उलटा जोर) १.५. रेकॉर्ड धुतलेली, सुईही पुसलेली. चरचर फक्त उजव्या चॅनलमध्ये आहे, म्हणजे सुई आतल्या भिंतीकडे ओढली जातेय असा माझा कयास.

अँटिस्केट आधी २ वर न्यावं, की थेट कार्ट्रिजच (सुई बसवलेला भाग) सरकवावं? सध्या ६६ आणि १२०.९ मिमीच्या शून्यबिंदूंवर, म्हणजे केंद्रापासून ज्या अंतरांवर सुई खाचेच्या अगदी सरळ रेषेत येते त्यांवर, जुळवलंय. स्टीव्हनसनच्या जुळणीचे ६०.३ आणि ११७.४ घेतले तर शेवट सुधारेल, पण मधल्या ‘एजा’ या गाण्यात ड्रमर स्टीव्ह गॅडच्या झांजा बिघडतील का? कुणी दोन्ही जुळण्या ऐकून पाहिल्यात? खाचच झिजलीय हे कसं ओळखायचं तेही सांगा.