समलैंगिकता उत्क्रांतीच्या चाळणीतून गळली का नाही?

शंकासुर: मुलं होण्याची शक्यता घटवणारा गुण पिढ्यान् पिढ्या टिकतो कसा? मला सगळ्यात पटलेलं उत्तर सामोआ बेटांवरचं आहे. तिथे फाआफाफिने म्हणून ओळखले जाणारे लोक असतात. जन्माने पुरुष, ओढा बहुतेक पुरुषांकडेच, आणि समाजात स्वतःचं स्थान. पॉल व्हेसी आणि डग व्हँडरलान या संशोधकांना असं दिसलं, की भाचे-पुतण्यांना सांभाळणं, शिकवणं, त्यांच्यासाठी पैसा सोडणं यात फाआफाफिने इतर पुरुषांपेक्षा पुढे असतात. भाच्यात आपल्या जनुकांचा सरासरी पाव वाटा असतोच. म्हणजे वंश आडवाटेने चालू! (आपल्याकडचे बिनलग्नाचे मामा आठवा.)

गणिती: हिशेब तरी करा राव. पोटच्या मुलात निम्मा वाटा, भाच्यात पाव. एक मूल न होण्याची भरपाई करायला दोन भाचे जास्तीचे लागतील, तेही मामा नसता तर जगलेच नसते असे. फी भरल्याने भाचा शिकतो, संख्या वाढत नाही. शिवाय अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये तपासलं तेव्हा असा फरक दिसलाच नाही.

शंकासुर: ज्याला घरच्यांनीच तोडलंय तो भाच्यांना काय सांभाळणार? सामोआत तसं होत नाही, म्हणून तिथे दिसतं.

गणिती: म्हणजे दिसलं तर सिद्धांत खरा, नाही दिसलं तर समाज वाईट. छान आहे!

स्पष्टवक्ता: कशाला एवढा खटाटोप? २०१९ साली शास्त्रज्ञांनीच सांगितलं ना, 'गे जीन' नाही म्हणून? मग ही आवडनिवड झाली. संगतीचा परिणाम.

रेणुका: अहो, अर्धवट वाचू नका. 'सायन्स'मधल्या त्या अभ्यासात पावणेपाच लाखांच्या आसपास लोक होते. *एकच* जनुक नाही, इतकंच त्यातून निघालं. छोटे छोटे परिणाम असलेली पुष्कळ जनुकं मिळून फरकाचा साधारण ८ ते २५ टक्के भाग उलगडतो. उंचीचाही एकच जनुक नसतो. उंची काय संगतीने वाढते?

आणि जनुकांपलीकडेही जन्माआधीची कारणं असतात. ब्लँचर्ड आणि बोगार्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं, की प्रत्येक थोरल्या भावागणिक धाकटा समलैंगिक असण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढते. घाबरू नका, मूळची शक्यता दोन टक्के धरली तर एका भावाने ती पावणेतीनच्याही आतच राहते. खरी गंमत २००६ मधल्या अभ्यासाची. एकाच आईच्या पोटचे थोरले भाऊ वेगळे वाढले तरी हा परिणाम दिसतो; सावत्र किंवा दत्तक भाऊ एका घरात वाढले तरी दिसत नाही. संगतीचा मुद्दा इथेच संपतो. अंदाज असा, की मुलग्यांच्या गर्भारपणात आईचं शरीर वाय गुणसूत्रावरच्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवत जातं. २०१८ मध्ये त्याला काहीसा पुरावाही मिळाला. यात मुलाच्या 'गे जनुका'ची गरजच पडत नाही, त्यामुळे शंकासुरांचं कोडं थोडंफार सुटतं.

स्पष्टवक्ता: निसर्गात काय चालतं त्यावरून समाजाचे नियम ठरत नाहीत.

गणिती: इथे पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ चा निकालही प्रतिष्ठा, समता आणि खासगीपणावर उभा आहे. उद्या सगळे जनुकीय सिद्धांत खोटे ठरले तरी तो हलणार नाही.

निवांत: मी गे आहे, आणि तीन भावांत थोरला. रेणुकाताई, माझं काय?

रेणुका: तुम्हाला ते लागू नाही. थोरल्या भावांमुळे समलैंगिक झालेले पुरुष सातांत एक, असा एक जुना अंदाज आहे. उरलेल्या सहांचं शंकासुरांना विचारा.