थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने घेताना अनामत, परवाना आणि विमा

प्रश्न : अंत्रुजकर (फोंडा)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी पत्नी थायलंडला जाणार आहोत. आधी क्राबीजवळच्या आओ नांगला आणि नंतर उत्तरेकडे चियांग माईला, असा बेत आहे. दोन्ही ठिकाणी टॅक्सीवर पैसे घालवण्यापेक्षा स्कूटर भाड्याने घ्यावी असे आम्हाला वाटते, कारण दुचाकीची आपल्याला लहानपणापासून सवय आहे आणि तिथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात. साध्या ११० ते १२५ सीसीच्या स्कूटरला दिवसाला २०० ते ३०० बाट असे दर दिसतात. एक बाट अडीच-तीन रुपयांचा धरला तर खर्च परवडण्याजोगा आहे.

माझ्या शंका अशा आहेत. काही दुकानदार अनामत म्हणून पासपोर्ट ठेवून घेतात असे ऐकले; तसा तो द्यावा का? माझ्या परवान्यावर गिअरची मोटारसायकल आणि मोटारगाडी हे दोन्ही वर्ग आहेत, पत्नीच्या परवान्यावर मात्र फक्त मोटारगाडी आहे. दोघांनीही आंतरराष्ट्रीय परवाना काढला तर दोघांना दोन स्कूटर घेता येतील का? प्रवासविमा विकणाऱ्याने ‘सगळे त्यात येते’ असे तोंडी सांगितले आहे, त्यावर कितपत विसंबावे? आणि भाड्यात घासाघीस नेमकी कशावर करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : डिचोलीकर

परवान्याची बाजू मी लिहितो. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे आपल्या मूळ परवान्याला नवे अधिकार देणारा कागद नव्हे; मूळ परवान्यावर जे वर्ग आहेत तेच त्यावर उमटतात. आपल्याकडचा हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो आणि त्यात मोटारसायकलींसाठी ‘ए’ हा वर्ग असतो, तर मोटारगाडीसाठी ‘बी’. आपल्या पत्नीला ‘बी’ वर शिक्का मिळेल, ‘ए’ वर नाही, आणि त्या परवान्यावर त्यांनी स्कूटर चालवली तर कायद्याच्या दृष्टीने त्या विनापरवाना चालक ठरतील. भाड्याने देणारा बहुधा परवाना बघणारही नाही, पण त्याने बघितला नाही म्हणजे चालते असा अर्थ कोणी काढू नये. पोलीस चौकीवर आणि विमा कंपनीच्या टेबलावर तो नक्की बघितला जातो.

अजून वेळ आहे तेवढ्यात त्यांनी परवान्यात दुचाकीचा वर्ग वाढवून घ्यावा. त्यासाठी आधी शिकाऊ परवाना घ्यावा लागतो आणि त्यानंतर किमान ३० दिवसांनी चाचणी देता येते, म्हणून आजच अर्ज केलेला बरा. वर्ग वाढल्यावर मगच नमुना ४-अ भरून आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी अर्ज करावा. अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर होतो आणि शुल्क १,००० रुपये आहे. त्याची मुदत एक वर्षाची असते, परंतु मूळ परवान्याची मुदत आधी संपत असेल तर तोही तिथेच संपतो. प्रवासात मूळ परवाना आणि हा कागद दोन्ही जवळ ठेवावेत, कारण एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला किंमत नाही. इंटरनेटवर डॉलरमध्ये पैसे घेऊन घरपोच ‘आंतरराष्ट्रीय लायसन’ पाठवणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांची छापील पुस्तिका दिसायला सुबक असते, पण तिला कायद्याने काहीही आधार नाही.

उत्तर २ : बार्देशकर (कळंगुट)

आमच्या घरी अनेक वर्षे दुचाक्या भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी गल्ल्याच्या पलीकडे बसणाऱ्याच्या नजरेने लिहितो. देश कोणताही असो, या धंद्याचे गणित फारसे बदलत नाही.

आपल्याकडे भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, त्यामुळे पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देऊ लागला तर गिऱ्हाइकाला ते लांबूनच ओळखता येते. थायलंडमध्ये भाड्याच्या बहुतेक स्कूटरना साधीच पांढरी पाटी असते. अशी खूण तिथे नाही. म्हणून दुकानातच विचारावे की गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकाची प्रत आणि चालू वर्षाच्या विम्याचा कागद गाडीसोबत मिळेल का. जो दुकानदार या प्रश्नाला टाळाटाळ करतो, त्याचा दर ५० बाटनी कमी असला तरी त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

अनामतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : पासपोर्ट कधीही देऊ नये. १९६७ च्या पासपोर्ट अधिनियमाप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, ती तारण ठेवण्याचा आपल्याला मुळात अधिकारच नाही. पण त्याहून मोठे कारण व्यवहाराचे आहे. दोन-तीन हजार बाट रोख अनामत दिलेली असेल आणि दुकानदाराने नसलेल्या ओरखड्याचे पैसे मागितले, तर वादात जास्तीत जास्त तेवढी रक्कम जाईल. पासपोर्ट त्याच्या खणात असेल आणि आपले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी असेल, तर तो म्हणेल तो आकडा द्यावा लागतो, आणि हे त्यालाही चांगले ठाऊक असते. पासपोर्टची छायाप्रत आणि रोख अनामत स्वीकारणारी दुकाने पर्यटनस्थळी मिळतातच. एका दुकानात नकार मिळाला तर शांतपणे पुढच्या दुकानात जावे. अनामतीची पावती मात्र लिहून घ्यावी आणि तिच्यावर गाडीचा क्रमांक असावा.

गाडी ताब्यात घेताना छायाचित्रांपेक्षा चित्रफीत उपयोगी पडते, कारण तीत सलगपणे सगळी गाडी येते. दुकानदार चौकटीत दिसेल अशा रीतीने सुरुवात करावी, मग दोन्ही बाजू, आरसे, पुढचा मडगार्ड, सायलेन्सरचा खालचा भाग, फूटबोर्डची कड, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. सगळे भांडण बहुधा खालच्या भागावरून होते, आणि नेमका तोच भाग कोणी बघत नाही. ही चित्रफीत त्याच्यासमोर काढल्याने पुढचा निम्मा वाद सुरूच होत नाही. करारात ओरखडा, आरसा, किल्ली हरवणे यांचे दर लिहिलेले असतील तर ते आधी वाचावेत. लिहिलेले नसतील तर विचारून पावतीवर टिपून घ्यावेत.

घासाघीस रोजच्या दरावर करू नये. आमच्यासारख्याला गाडी रोज नव्या माणसाच्या हाती देण्यात खरा त्रास असतो, त्यामुळे सलग आठवड्यासाठी घेणाऱ्याला आम्ही आपण होऊन कमी करतो. आठवड्याचा एकच आकडा विचारावा आणि त्यात दोन हेल्मेटे घालून मागावीत. हेल्मेटाची काच आणि पट्टा तपासावा, डोक्यावर घालून बघावे. अगदी कोरी गाडी मागण्याचा मोहही टाळावा. नव्या गाडीवरचा केसाएवढा ओरखडाही मालकाला दिसतो. दोन-तीन वर्षे चाललेली, पण टायरला नक्षी आणि ब्रेकला जोर असलेली गाडी भाड्याने घेणाऱ्याच्या सोयीची असते. दिवा, हॉर्न, इंडिकेटर आणि दोन्ही ब्रेक दुकानासमोरच बघून घ्यावेत आणि एक फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पेट्रोल कोणते घालायचे हे विचारून घ्यावे, कारण तिथल्या पंपावर इथेनॉलचे प्रमाण कमी-जास्त असलेली निरनिराळी इंधने असतात आणि ई-८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेले इंधन, प्रत्येक इंजिनाला चालत नाही. रस्त्याकडेला बाटलीतून विकले जाणारे पेट्रोल अडचणीपुरते ठीक, पण पंपापेक्षा ते महाग पडते.

उत्तर ३ : सत्तरीकन्या (वाळपई)

मी विम्याच्या दाव्यांचे काम करते. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर अजिबात विसंबू नका. दावा पॉलिसीच्या छापील मजकुरावर ठरतो, तोंडी बोलण्यावर नव्हे. अनेक प्रवास पॉलिसींमध्ये भाड्याच्या दुचाकीचा अपघात एक तर पूर्ण वगळलेला असतो किंवा त्याला अटी असतात : चालकाकडे त्या देशात त्या वर्गाचे वाहन चालवण्याचा वैध परवाना असावा, हेल्मेट घातलेले असावे, मद्यपान केलेले नसावे, आणि काही ठिकाणी इंजिनाच्या सीसीची मर्यादाही असते. डिचोलीकरांनी लिहिलेला ‘ए’ वर्गाचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा आहे. पोलिसांचा दंड भरून सुटता येते, परंतु परवान्याअभावी दावा नाकारला गेला तर खासगी रुग्णालयाचे बिल, आणि प्रसंग तसाच आला तर रुग्णवाहक विमानाचा खर्च, सर्व आपल्या खिशातून जातो.

वगळलेल्या बाबींच्या प्रकरणात ‘दुचाकी चालवताना’ एवढेच लिहिले आहे की ‘चालवताना किंवा मागे बसून’ असे लिहिले आहे, हे शोधून पाहा. आपल्या पत्नी मागे बसणार असतील तर त्यांचे संरक्षण या चार शब्दांवर अवलंबून आहे. शंका वाटल्यास कंपनीला ईमेलने प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

गाडीसोबत असणारा सक्तीचा विमा, ज्याला तिथे ‘पोरोबो’ म्हणतात, तो फक्त माणसांच्या इजेपुरता आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच असतो. भाड्याच्या गाडीचे नुकसान, समोरच्याच्या मोटारीचे नुकसान किंवा चोरी त्यात येत नाही. आपल्या प्रवासविम्यातही भाड्याच्या गाडीचे नुकसान बहुधा नसते. त्यामुळे गाडी चोरीला गेली तर किती रक्कम द्यावी लागेल, हा प्रश्न दुकानात आधीच विचारलेला बरा. अपघात झालाच तर जागेवर परस्पर पैसे देऊन मिटवू नका, कारण पोलिसांच्या नोंदीशिवाय दावा उभा राहत नाही. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ आहे.

उत्तर ४ : मुरगावकर

वरील सर्व मान्य करूनही मला एक वेगळे सुचवायचे आहे : दोन्ही ठिकाणी सगळे दिवस स्कूटर कशाला हवी? चियांग माईच्या जुन्या शहरात खंदकाभोवती एकेरी रस्ते आहेत आणि तिथे लाल सोंगथ्याव, म्हणजे बाकडी बसवलेल्या पिकअप गाड्या, थोड्या बाटमध्ये शहरभर फिरवतात. शहरात स्कूटर उभी करून तिचे भाडे भरण्यापेक्षा दोइ सुथेपच्या डोंगरावर किंवा आसपासच्या खेड्यांत जाण्याच्या दिवसापुरती ती घ्यावी. उलट आओ नांगला आठवडाभराची स्कूटर फायद्याची, कारण किनारे पसरलेले आहेत आणि दर फेरीला वाहन शोधावे लागते.

चियांग माईहून ‘पाय’ नावाच्या डोंगरी गावाला जाणाऱ्या रस्त्याची, त्याच्या ७६२ वळणांची, फार भलावण होते. आपल्या चोर्ला घाटात गाडी चालवलेल्या माणसाला वळणांची भीती वाटत नाही, परंतु अनोळखी ब्रेक, मागे बसलेली व्यक्ती आणि वेगाने वळणे कापणाऱ्या प्रवासी व्हॅन हे तिन्ही एकत्र आल्यावर ती वाट वेगळी भासते. तिथे व्हॅनने जावे आणि पायमध्ये पोहोचल्यावर स्कूटर घ्यावी. शिवाय फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून उत्तर थायलंडमध्ये शेते आणि राने जाळल्याचा धूर साचू लागतो. डोंगर पाहण्यासाठी जाणार असाल तर चियांग माई आधी आणि क्राबी नंतर असा क्रम लावावा.

उपप्रश्न : काणकोणकर

याच परवान्यावर पुढे व्हिएतनामलाही जाता येईल का?

उत्तर ५ : डिचोलीकर

व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेले परवाने मान्य करतो आणि आपला परवाना १९४९ च्या करारानुसार असतो, त्यामुळे तिथे तो चालत नाही. तिथे दुकानदार निःशंकपणे गाडी देईल, पण सत्तरीकन्या यांनी लिहिलेली विम्याची अडचण जशीच्या तशी उभी राहते. शिवाय तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. श्रीलंकेत आंतरराष्ट्रीय परवान्यासोबत स्थानिक मान्यतापत्र काढावे लागते, तेव्हा प्रत्येक देशाचा नियम स्वतंत्रपणे पाहावा.

प्रश्नकर्ता : अंत्रुजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देव बरे करो. पत्नीचा दुचाकीच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज आज भरला. चाचणी वेळेत झाली नाही तर एकच स्कूटर घेऊ, आणि पॉलिसीतील ‘मागे बसून’ या शब्दांबद्दल कंपनीला ईमेल केला आहे. बार्देशकर, एक शेवटची शंका : गाडी दुकानातून न घेता हॉटेलवर मागवली तर तपासणी कशी करावी?

उत्तर ६ : बार्देशकर

हॉटेलवर मागवायला हरकत नाही, मात्र उजेडात मागवावी. रात्री आणून दिलेल्या गाडीचे ओरखडे दिसत नाहीत, आणि आणणारा पोऱ्या बहुधा मालक नसतो, त्यामुळे त्याने तोंडी कबूल केलेले पुढे कोणी मानत नाही. चित्रफीत काढून दुकानाच्या क्रमांकावर त्याच क्षणी पाठवून द्यावी, म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. परत देतानाही हॉटेलच्या स्वागतकक्षात किल्ली ठेवून निघून जाऊ नये. अनामत हातात पडल्यावरच किल्ली द्यावी, आणि त्यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारची वेळ ठरवावी.