ग्राहकसेवेसाठी फोन नंबरपेक्षा अ‍ॅपमधलं कॉलचं बटण बरं. तुमचं मत?

निनाद (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो. ऑनलाइन सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीनं आपल्या साइटवर आणि अ‍ॅपमध्ये थेट बोलायचं बटण द्यावं, आणि रोजच्या तक्रारींसाठी तेच मुख्य साधन असावं.

आज काय होतं? फोन लावा, मेनू ऐका, खातं क्रमांक दाबा. एवढं करून माणूस लाइनवर आला की तोच क्रमांक, जन्मतारीख, पत्ता पुन्हा मोठ्यानं सांगा. आजूबाजूला कोणी असलं तरी सांगा. आपण त्याच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये लॉग-इन असतो! तिथूनच कॉल लागला तर ओळख आधीच पटलेली असते आणि कोणत्या ऑर्डरबद्दल बोलतोय तेही समोर दिसतं. कार्डाचा नंबर तोंडानं सांगण्याऐवजी स्क्रीनवर भरता येतो. शिवाय सर्च करून सापडलेला 'कस्टमर केअर नंबर' भामट्याचा निघण्याची भीती उरत नाही.

आवाजाबद्दलही बोलायला हवं. साधा टेलिफोन आवाजाच्या कंपनांचा (जाड ते बारीक सुरांचा) ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचवतो. त्यातलं १९७२ चं जी.७११ हे कोडेक (आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत) आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं आणि त्यासाठी सेकंदाला ६४ किलोबिट डेटा खर्च करतं. स, श, फ यांना वेगळं ओळखू देणारा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर असतो. म्हणून फोनवर आडनाव सांगताना 'स समईतला' असं करत बसावं लागतं. २०१२ साली प्रमाणित झालेलं ओपस हे नेटवरच्या कॉलचं कोडेक २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज देतं, आणि बोलण्यासाठी ३०-४० किलोबिट त्याला पुरतात.

आणि ब्राउझरमधून बोलण्याचं जे तंत्र आहे, वेबआरटीसी, त्यात एन्क्रिप्शन (वाटेत कोणाला ऐकू येऊ नये म्हणून आवाज सांकेतिक करणं) सक्तीचं आहे. ते बंद करायची सोयच ठेवलेली नाही.

खडकवाट

साफ असहमत.

ते एन्क्रिप्शन तुमच्या ब्राउझरपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत. तिथे आवाज उघडतो आणि रेकॉर्ड होतो. पुष्कळ ठिकाणी तिथून तो गेटवेतून (दोन यंत्रणा जोडणाऱ्या दुव्यातून) कॉल सेंटरच्या जुन्याच फोन यंत्रणेत जातो, म्हणजे पुन्हा तेच ८००० नमुने. ओपसचा फायदा अर्ध्या वाटेवर संपला.

दुसरं, एन्क्रिप्शन असलं म्हणजे झालं असंही नाही. बोलण्याप्रमाणे बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) कमीजास्त होत असेल तर पॅकेटच्या, म्हणजे आवाज ज्या तुकड्यांत जातो त्यांच्या, लांबीवरून काही वाक्प्रचार ओळखता येतात, हे २००८ मध्येच संशोधकांनी दाखवलंय.

निनाद

@खडकवाट, कंपनीच्या सर्व्हरवर आवाज उघडणारच, मी बोलतोय तिच्याशीच. माझा प्रश्न वाटेत आणखी कोण ऐकू शकतं हा आहे. सार्वजनिक वायफायवरून बोलताना तो फार महत्त्वाचा ठरतो.

पॅकेटच्या लांबीचा मुद्दा खरा, पण त्यावर उपाय आहे: बिटरेट स्थिर ठेवणं. ओपसमध्ये तशी सोय आहे. गेटवेची अडचण मात्र कंपन्यांच्या आळसाची. कॉल घेणाऱ्याच्या टेबलावरही ब्राउझरच असला तर मध्ये जुनी यंत्रणा कशाला?

फ्लोअरवरची

मी कॉल घेणाऱ्या बाजूची. फोनही घेते, नेटवरचे कॉलही.

आवाज मोकळा असेल तर शिफ्टच्या शेवटी डोकं कमी दुखतं, यात शंका नाही. पण या चर्चेत सगळे पट्ट्याबद्दल बोलताय आणि उशिराबद्दल कोणीच नाही. आमचं निम्मं भांडण उशिरामुळे होतं. आवाज एका बाजूनं पोहोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा, असं आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) शिफारस सांगते. त्याच्या बरंच वर गेलं की ग्राहक थांबतो, मी बोलायला लागते, तेवढ्यात त्याचं पुढचं वाक्य माझ्यापर्यंत येतं. दोघं एकदमच बोलतो. त्याला वाटतं मी त्याला तोडतेय. आधीच चिडलेला माणूस आणखी चिडतो, आणि तंत्राचा दोष माझ्या वागणुकीच्या खात्यात जमा होतो. पॅकेट वेळेवर येत नाहीत म्हणून बफर (ती ऐकवण्याआधी थोडी साठवून ठेवायची जागा) वाढवला की शब्द तुटत नाहीत, पण उशीर वाढतो. या दोन्हींतून सुटका नाही.

ऑफिसच्या फायरवॉलनं यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पाठवायची पद्धत) अडवलं की कॉल टीसीपीवरून (प्रत्येक पॅकेट क्रमानं पोहोचवणाऱ्या पद्धतीनं) जातो, मग तर विचारू नका. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी खोळंबतात. मला बारीक पट्ट्याचा पण वेळेवर येणारा आवाज कधीही चालेल.

बटणाला माझा विरोध नाही. कॉल लागण्याआधी नेटची चाचणी करा आणि ती वाईट आली तर 'आम्ही तुम्हाला फोन करतो' असा पर्याय तिथेच द्या.

आजोळ

माझ्या आईला नंबर लावता येतो. ब्राउझरनं मायक्रोफोनची परवानगी मागितली तेव्हा तिनं घाबरून 'ब्लॉक' दाबलं. पुढे ब्राउझर विचारेनासाच झाला, बटण दाबलं तरी काही होईना. तिच्यासारख्यांचं काय? आणि खातंच लॉक झालं किंवा नेटच बंद पडलं, तर अ‍ॅपमधून कुणाला कॉल करायचा? मदतीची सगळ्यांत जास्त गरज तेव्हाच असते.

शब्दसखा

मी श्रवणयंत्र वापरतो. रुंद पट्ट्याचा आवाज मला खरोखर जास्त समजतो, त्यामुळे निनादच्या बाजूनं. फक्त त्याच कॉलमध्ये लिहायची चौकटही द्या. वेबआरटीसीत आवाजासोबत मजकूर पाठवता येतो, तरी बहुतेक जण तो देत नाहीत. रक्कम आणि तक्रार क्रमांक मला लिहूनच हवा.

निनाद

@आजोळ, नंबर बंद करा असं मी म्हणत नाही. खातं लॉक, कार्ड ब्लॉक, नेट बंद, यांसाठी तो हवाच, आणि तो अ‍ॅपच्या पहिल्या पानावर दिसायला हवा. @फ्लोअरवरची, चाचणीची सूचना पटली. लेखी चौकटीलाही माझा पाठिंबा.

खडकवाट

पण याच कारणानं नंबर हळूहळू नाहीसे होतात. बटण आलं की नंबर 'मदत'च्या चौथ्या पानावर जातो, कारण बटण स्वस्त पडतं. हे होणार नाही याची हमी कोण देणार?

आणि रेकॉर्डिंगबद्दल कोणी बोललंच नाही. स्वच्छ, रुंद पट्ट्याचा आवाज म्हणजे नकली आवाज बनवायला उत्तम कच्चा माल. त्यात काही संस्था आवाजावरूनच ओळख पटवतात. ते रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार, कोण ऐकणार, माझ्या सांगण्यावरून पुसणार का?

निनाद

हाच प्रश्न फोनच्या रेकॉर्डिंगलाही लागू आहे, आणि तिथे आपल्याला ते कधीच ऐकायला मिळत नाही. अ‍ॅपमधून कॉल झाला तर रेकॉर्डिंग माझ्याच खात्यात दिसू शकतं, तारखेसह, पुसायच्या विनंतीसह. मागणी करायची तर ही करू.

खडकवाट

या मागणीवर माझी सही घ्या. तसं एखाद्या अ‍ॅपमध्ये प्रत्यक्ष दिसेपर्यंत मी नंबरच लावणार.