वजन ४८ किलो, तरी पीसीओएस
पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या गडबडीने पाळी बिघडण्याचा त्रास. एका मैत्रिणीला त्यासाठी गेल्यावर डॉक्टरांनी ‘आधी वजन कमी करा’ म्हणून परत पाठवलं. माझं उलटं. मी ४८ किलोची, त्यामुळे पीसीओएसचा संशयच कुणाला येईना. पाळी साठ-सत्तर दिवसांनी, हनुवटीवर राठ केस, एवढंच. या दोन गोष्टी निदानाला पुरतात, सोनोग्राफीत काही दिसलंच पाहिजे असं नाही, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि पीसीओएसमध्ये बीजांडकोशात दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे गाठी नव्हेतच, वाढ अर्धवट थांबलेली फॉलिकल्स, म्हणजे बीज वाढतं त्या इवल्या पिशव्या. हे ऐकून आईचा निम्मा घोर गेला, ती कॅन्सर धरून बसली होती.

मूल हवं होतं, मग बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोलची गोळी पाच दिवस आणि दिवसाआड फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे फॉलिकल किती वाढलं ते बघायची सोनोग्राफी, ऑफिसच्या आधी. मिलिमीटरचे आकडे पाठ झाले होते: ११, १३, १३, परत १३. तिसऱ्या सायकलला १९ मिलिमीटर झालं, म्हणजे बीज बाहेर पडण्याइतकं मोठं, तेव्हा रिक्षात रडले. दिवस राहिले नाहीत, तो भाग वेगळा.

जाऊबाईंच्या डोहाळजेवणात एका मावशींनी ओटी भरायला पुढे केलेला माझा हात हळूच बाजूला सारला. सासूबाईंनी पाहिलं. तांदळाचं ताट माझ्या हातात देत म्हणाल्या, “आधी तू भर.”

नवऱ्याची तपासणी मात्र दीड वर्षाने झाली, तीही मी हट्ट धरला म्हणून. शुक्राणूंचा काउंट कमी निघाला! नव्याने सुरुवात करणाऱ्यांनो, हे पहिल्याच महिन्यात उरकून घ्या.

सध्या ट्रीटमेंट बंद आहे. पाळी लांबत गेली की गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, म्हणून पाळी आणणारी गोळी तेवढी चालू ठेवलीय.