धुळ्याच्या क्रमांकाच्या गल्ल्या आणि देवपूर: राहिलेल्यांचे अनुभव

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी मध्यवर्ती म्हणून धुळे हे मुख्य ठाणे केले आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ वसवताना बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना घरांसाठी बिनसाऱ्याच्या जागा दिल्या. या पेठेतल्या सरळ गल्ल्या आजही क्रमांकानेच ओळखल्या जातात. एके काळी सर्वांना हवीहवीशी वाटणारी ही वस्ती सोडून माणसे पांझरा नदीपलीकडच्या देवपूर भागात का गेली, हे तिथे राहिलेल्यांनी लिहावे.

गल्लीतला: आमचे घर अरुंद पण खूप लांब होते. पुढे ओटा आणि दुकान, मध्ये माजघर व चौक आणि मागचे दार थेट बोळात उघडणारे, त्यामुळे मालाची ये-जा आणि घरच्या बायकांचा वावर एकमेकांच्या आड येत नसे. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती पसरून ती चोपण्याने ठोकून घट्ट करावी लागे. हे काम नीट झाले नाही, तर पहिल्याच पावसात माजघरात पातेली मांडावी लागत. आग्रा रोडचा बाजार हाकेच्या अंतरावर असल्याने वडील जेवायला घरी येत. माझ्या मते या पेठेचे खरे मोल याच जवळिकीत होते.

देवपूरकर: आम्ही प्लॉट घेतला, तेव्हा नातेवाईक ‘नदीपार कशाला जाता?’ असे विचारत. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण 1872 च्या पुराने शहराचे मोठे नुकसान केले होते आणि पांझरेच्या पुराच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जात. तरीही एकवीरा देवीचे देऊळ, जवळची महाविद्यालये, अंगण आणि चारही बाजूंनी येणारा वारा यांमुळे आईचे मन रमले. पाण्याचे मात्र हाल होते. नळ आला की सारी कामे टाकून टाकी भरावी लागे.

नंदुरबारहून: 1998 मध्ये आमचा जिल्हा वेगळा होईपर्यंत कलेक्टर कचेरीच्या प्रत्येक कामासाठी धुळे गाठावे लागे. गल्लीतल्या मावशींकडे मुक्काम असे आणि त्या जेवल्याशिवाय सोडत नसत.

गल्लीत आलेली सून: वस्ती उतरणीला लागली याचे खापर देवपुरावर फोडणे मला पटत नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, एका चौकात चार चुली आल्या, जुन्या भाडेकरूंच्या तुटपुंज्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना आणि मोटार दारापर्यंत नेता येईना. मग हिस्से विकले गेले व वाड्यांच्या जागी गाळे उभे राहिले. आमचा वाडा पाडण्याआधी आम्ही प्रत्येक खोलीचे माप घेतले आणि तुळईवरचे कोरीव काम कागदावर उतरवून ठेवले. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांनी निदान एवढे करावे आणि मोडी लिपीतली जुनी खरेदीखते रद्दीत न घालता धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळ या इतिहास-संशोधन संस्थेतल्या जाणकारांना दाखवावीत.