'ताबा', 'भेट', 'पालक': मुलांच्या कस्टडीसाठी मराठीत नेमके शब्द कोणते?

भावाचा घटस्फोट परस्पर संमतीने होतोय. भाचा सात वर्षांचा आहे. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, वकिलांनी इंग्रजीत केल्यात आणि आईला वाचून दाखवायला म्हणून मी त्या मराठीत उतरवायला बसले, कारण नातू इकडे आला की त्याचं खाणंपिणं, अभ्यास सगळं तीच बघणार आहे, तर पहिल्याच ओळीला अडकले. कस्टडीला पेपरात सर्रास 'ताबा' लिहितात, मीही तेच लिहिलं, आणि आई म्हणाली की ताबा फ्लॅटचा घेतात गं, पोराचा काय ताबा. तेव्हापासून तो शब्द मला लिहवेना.

खरंच बघा, ताबा कुठे कुठे येतो: बिल्डरने ताबा दिला, जमिनीचा ताबा घेतला, ड्रायव्हरचा गाडीवरचा ताबा सुटला. ताबेदार त्यातलाच. म्हणजे एकाची सत्ता आणि दुसरा तिच्याखाली. सरकारी मराठीत 'अभिरक्षा' आहे पण तो घरात कोणी बोलत नाही, आणि नुसतं कस्टडी म्हटलं की पोलीस कोठडी आठवते.

दुसरा अडलेला शब्द व्हिजिटेशन. 'भेटीचा हक्क' लिहिलं तर बाप पाहुणा होतो. भेटायला तुरुंगात जातात, दवाखान्यात जातात. माझा भाऊ त्याला भेटणार नाहीये, दोन दिवस त्याच्याबरोबर राहणार आहे, त्याला आंघोळ घालणार आहे, पाढे पाठ करून घेणार आहे, याला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद १

मी कुटुंब न्यायालयात वकिली करते. तुमच्या आईंना जे खटकलं तेच सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात म्हटलंय, की मुलं म्हणजे आईबापांच्या मालकीच्या वस्तू नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. त्याच निकालात हेही आहे की कस्टडीचे आदेश कायमचे नसतात, परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून बदलून घेता येतात. म्हणून 'कायमचा ताबा मिळाला' हे बोलणं चुकीचं आहे, घराचा ताबा कायमचा मिळतो, मुलाच्या बाबतीत तसं काही नसतं.

पण अर्जात मात्र मी ताबाच लिहिते, कायद्यात कस्टडी आहे तर तिथे नवा शब्द घालून अशिलाचं नुकसान कशाला करू. घरच्या कागदावर मात्र 'सांभाळ' लिहा. मुलाचा सांभाळ आईकडे. 'तुझा सांभाळ कोणी केला' हे लहान मुलालाही कळतं.

आमच्याकडे खरा घोळ 'पालक' या शब्दाचा होतो. शाळेच्या पालकसभेला जाणारे आईबाप ते पालक, आणि कायद्यात गार्डियन म्हणजेही पालकच, १८९० च्या कायद्याचं मराठी नावच पालक आणि पाल्य अधिनियम. पण आईबाप असणं आणि कायद्याने पालक असणं या दोन गोष्टी आहेत. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईकडे राहील. म्हणजे मूल राहतं आईकडे आणि कागदावर पालक बाप. त्या 'नंतर' शब्दावरच खटला झाला, गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक, १९९९. वडील वारल्यानंतरच असा अर्थ घ्यायचा नाही, वडील जबाबदारी घेत नसतील, गैरहजर असतील तरी आई पालक, असं कोर्टाने सांगितलं. आणि या सगळ्याच्या वर कलम १३, मुलाचं कल्याण सर्वात आधी.

प्रतिसाद २

तलाठी ऑफिसशी ज्यांचा संबंध येतो त्यांना अजून एक शब्द माहीत असेल, सातबारावर मुलाच्या नावाबरोबर 'अ.पा.क. आई' असं असतं. अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे अठराच्या आतला, अठरा झालं की तो सज्ञान आणि मग तो शेरा कमी करायला अर्ज द्यायचा. माझ्या नावापुढे आईचं अ.पा.क. होतं, वडील लहानपणीच गेले. त्यातलं 'पालनकर्ता' मला ताब्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं. आता सगळे अल्पवयीन म्हणतात तेही चांगलंय, पोराला अज्ञान म्हणवत नाही.

प्रतिसाद ३

आम्ही रत्नागिरीचे, मुसलमान. आमच्यात यासाठी वेगळा शब्द आहे, हिजानत. लहान मुलाला जवळ ठेवून वाढवण्याचा आईचा हक्क. हनफी (सुन्नी मुसलमानांतली एक विचारशाखा) कायद्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ छातीशी धरणं, कुशीत घेणं असा आहे. आणि मुलाच्या मालमत्तेचे, लग्नाचे निर्णय घेणारा तो वली, ते वेगळं. म्हणजे वर वकीलताई म्हणतायत तो फरक आमच्या शब्दांत आधीपासून आहे, कुशी एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे. कोर्टात गेलं तरी मुलाचं भलं कशात आहे ते बघतातच.

प्रतिसाद ४

टोरांटोहून लिहितोय. इथे घटस्फोटाच्या कायद्यातून कस्टडी आणि अ‍ॅक्सेस (भेटीचा हक्क) हे दोन्ही शब्दच काढून टाकले, १ मार्च २०२१ पासून. आता पेरेंटिंग टाइम म्हणजे मूल कोणते दिवस कोणाजवळ, आणि डिसिजन मेकिंग रिस्पॉन्सिबिलिटी म्हणजे शाळा, डॉक्टर, धर्म असले मोठे निर्णय कोणाचे. इंग्लंडमध्ये तर १९८९ च्या कायद्यानेच कस्टडी शब्द बाजूला ठेवला. माझं स्वतःचं प्रकरण झालं तेव्हा नागपूरला आईला फोनवर सांगताना मी म्हणालो, दिवस अर्धेअर्धे आणि निर्णय दोघांचे, तिला एका वाक्यात समजलं, आणि ती आधी 'ताबा गेला का रे' म्हणून रडत होती. शब्दाने माणूस किती घाबरतो ते तेव्हा बघितलं मी.

पेरेंटिंग टाइमला 'सहवास' कसा वाटतो?

प्रतिसाद १ (पुन्हा)

सहवास सुंदर आहे, पण कोर्टाच्या मराठीत तो नवराबायकोच्या एकत्र राहण्यासाठी वापरतात, त्याच फाईलमध्ये गोंधळ होईल. आम्ही मुंबई-पुण्याकडचे वकील अ‍ॅक्सेसच म्हणतो, वीकेंड अ‍ॅक्सेस, ओव्हरनाइट अ‍ॅक्सेस, व्हेकेशन अ‍ॅक्सेस. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात संयुक्त कस्टडीची शिफारस केलीय, त्यावर अजून कायदा झालेला नाही, त्यामुळे शब्दही जुनेच चाललेत.

प्रतिसाद ५

ओव्हरनाइटला 'मुक्काम' आहे की! शनिवारी मुक्काम. मुक्कामाची एसटी म्हणतो तसं. पिकअप-ड्रॉपला 'ने-आण'.

माझी मुलगी 'आज बाबाचा वार' म्हणते. मी ते बोलता बोलता माझ्या आजोबांना सांगितलं तर ते गप्पच झाले, कारण ते पुण्यात शिकताना वार लावून जेवलेले, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, आणि ते म्हणाले की ताट सगळीकडे होतं पण घर कुठलंच आपलं नव्हतं. तेव्हापासून मी तिला 'बाबाच्या घरी जायचा दिवस' असं म्हणायला शिकवतेय. दोन्हीकडे तिचा कप्पा आहे, तिचं ताट आहे, दोन्हीकडे घर हाच शब्द वापरायचा असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आणि वेळापत्रकाचे शब्द फार जपून लिहा हो, आमची निम्मी भांडणं त्यावरून झाली. 'दर पंधरा दिवसांनी' लिहिलं होतं, तर एकाआड एक शनिवार की दुसरा-चौथा शनिवार? ज्या महिन्यात पाच शनिवार येतात तिथे दोन्हीचा हिशोब वेगळा होतो. 'दिवाळीची सुट्टी अर्धी' लिहिलं, मग अर्धी कुठून मोजायची, शाळा बंद झाल्यापासून की वसुबारसेपासून, आणि भाऊबीज कोणाच्या अर्ध्यात? सगळ्यात मोठा घोळ 'पाडवा वडिलांकडे' या दोन शब्दांनी केला, मी गुढीपाडवा समजले, तो दिवाळीचा पाडवा समजला, आणि मुलगी नवा फ्रॉक घालून दारात बसून राहिली. आता आमच्या कागदावर सणाचं पूर्ण नाव, सम वर्षी कोणाकडे, विषम वर्षी कोणाकडे, आणि संध्याकाळी असं न लिहिता सहा वाजता असं आहे.

प्रतिसाद ६

माफ करा, विषय थोडा सोडून. माझ्या बहिणीकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, सासरचे म्हणतात मूल नेलं तर परत दिसणार नाही. तिने कुठे जायचं?

प्रतिसाद १ (पुन्हा)

विषय सोडून अजिबात नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज करायचा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाई आणि मूल यांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन केला तरी चालतं. कस्टडीचा अर्ज साधारणपणे मूल नेहमी जिथे राहतं त्या भागातल्या कोर्टात करायचा, म्हणून शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार, जे असेल ते जपून ठेवायला सांगा. कुटुंब न्यायालय नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. आणि तिला 'अंतरिम' हा शब्द पाठ करून ठेवू दे, मुख्य निकाल लागेपर्यंत मूल कोणाकडे राहील याचा आदेश आधी मागता येतो, तो मागायचं राहून गेलं तर महिने निघून जातात.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सहाव्या प्रतिसादातल्या ताईंना मेसेज केलाय, आमच्या जिल्ह्यातल्या ऑफिसात मी बरोबर येईन.

कोर्टाचा कागद वकिलांचा आहे तसाच ठेवलाय. आईसाठी मराठीत असं लिहिलंय: मुलाचा सांभाळ त्याच्या आईकडे. शाळेचे आणि औषधपाण्याचे मोठे निर्णय दोघांचे. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचवा आलाच तर पाचव्या शनिवारी सकाळी दहापासून बाबांच्या घरी, मुक्काम, रविवारी संध्याकाळी सहाला परत. ने-आण बाबांनी करायची. गुढीपाडवा आणि दिवाळीचा पाडवा वेगवेगळ्या ओळींत. पालक हा शब्द कुठेही वापरला नाही, आई आणि बाबा असंच लिहिलं. आईने दोनदा वाचून घेतलं आणि कागद देवघरात ठेवलाय.

एक ओळ तेवढी राहिलीय. बुधवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल ठरलाय, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये यशिता साहू निकालात भेटीच्या हक्काबरोबर काँटॅक्ट राइट्स असं म्हटलं होतं ना, तेच. मी 'संपर्काचा हक्क' लिहिलं, पण संपर्क ऑफिसचा वाटतो, 'फोनवरच्या गप्पा' लिहिलं तर भाऊ म्हणतो की उद्या कॉल झाला नाही तर गप्पा काय, राहिल्या तर राहिल्या असं होईल. आईला कळेल आणि बंधनही वाटेल असा शब्द कोणाला सुचतोय का?