सातवा महिना, रोजचा एसटी प्रवास आणि लघवीचा त्रास : कोणते पॅड घ्यावेत?

कऱ्हाडची_लेक : मला सातवा महिना चालू असून नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन तीन तास एसटीने प्रवास करावा लागतो. दर पाऊण तासाने लघवीला लागते, आणि खोकला आला किंवा गाडीला गचका बसला की थेंब गळतात. महिन्याला 300 रुपयांत बसतील असे चांगले पॅड कृपया सुचवावेत.

मुंबईकर_आई : मी दोन्ही बाळंतपणांत मोठ्यांचे चड्डीसारखे डायपर वापरले आणि लोकलच्या गर्दीतही निर्धास्त राहिले. महिन्याला दीड-दोन हजार लागतात, पण अशा वेळी पैशाकडे पाहू नये.

सासुरवाशीण : घरून निघण्यापूर्वी दोन तास पाणी पिऊ नका, म्हणजे प्रश्नच उरत नाही. उन्हाळी लागली तर धणे-जिऱ्याचे पाणी घ्यावे. मला त्यानेच उतार पडला.

परिचारिका_सोलापूर : पाणी तोडण्याचा सल्ला कृपया कोणी मानू नये. गरोदरपणात मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग सुमारे 50 टक्क्यांनी वाढतो आणि वाढलेले गर्भाशय मूत्राशयावर दाबते, म्हणून वारंवार जावे लागणे स्वाभाविक आहे. मात्र प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैल पडून लघवी साचते, आणि त्यात जंतू वाढले तर जळजळ नसतानाही संसर्ग असू शकतो. म्हणून लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी, करून घ्या. नमुना धारेच्या मधला द्यावा, अहवालाला साधारण दोन-तीन दिवस लागतात. साखरही तपासली आहे ना?

विदर्भकन्या : कल्चर कराच, हे मीही सांगते. मला एका दवाखान्यात ‘या दिवसांत असे होतेच’ म्हणून परत पाठवले आणि नंतर थंडी वाजून ताप, कुशीत कळा, अशा अवस्थेत भरती व्हावे लागले. तो राग अजून गेलेला नाही. तेव्हा दिलेल्या गोळ्यांचे नाव हवे असल्यास कळवते.

परिचारिका_सोलापूर : नाव कळवू नये, ही विनंती. काही प्रतिजैविके गरोदरपणात टाळतात, तर काही फक्त ठरावीक महिन्यांतच देतात.

मुंबईकर_आई : धणे-जिऱ्याने जंतू मरत नाहीत, हे सासुरवाशीण यांनी लक्षात घ्यावे.

सासुरवाशीण : मरतात असे मी म्हटलेले नाही, उतार पडला असे म्हटले आहे. आणि सातव्या महिन्यात एसटीचा प्रवास करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुणे_फिजिओ : खोकताना गळते ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावल्यामुळे. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू काही क्षण आवळून सैल सोडावेत, आणि हे दिवसातून तीन वेळा करावे. पण प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये. पाण्यासारखे सतत झिरपत असेल, तर ते गर्भजल असण्याची शक्यता धरून लगेच रुग्णालय गाठावे.

कऱ्हाडची_लेक : सर्वांचे मनापासून आभार. साखर तपासली आहे, ती ठीक आहे. कल्चरचा नमुना उद्या सकाळी देते आणि व्यायाम आजपासूनच सुरू करते. नोकरी सोडणे शक्य नाही आणि डायपर परवडणारे नाहीत. आईकडून जुन्या सुती लुगड्याच्या घड्या शिवून घेत आहे; त्या डब्यात जास्तीच्या ठेवीन, ओल्या झाल्या की लगेच बदलीन आणि उकळून उन्हात वाळवीन. पहाटेची गाडी वाटेत मोठ्या स्थानकावर दहा मिनिटे थांबते, म्हणून यापुढे तीच धरणार आहे.